दोन काड्या बाकी

सायकल तेहतीस वर्षांची, मोटर दीड वर्षाची,
मी एकसष्टचा.
तिघांचा मेळ इर्शादने बसवला,
पुलगावात, वेल्डिंगच्या दुकानामागे:
मागच्या चाकात मोटर,
दांडीखाली बॅटरी, तेलाचा पिंप कापून केलेल्या डब्यात.
म्हणाला, "काका, चढावर पायडल मारत जा,
सारा भार हिच्यावर टाकसान तं लवकर मरन."
डॉक्टर मॅडम माझ्या शरीराबद्दल
हेच म्हणाल्या होत्या.
फक्त त्यांनी कागदावर लिहून दिलं.

शोरूममध्येही जाऊन आलो होतो.
चकचकीत गाडी, लाखाच्या वर, हप्त्याने.
पोराला विचारलं, पंक्चर कोण काढतं हिचं?
तो मोबाईलमध्ये शोधू लागला.
सापडेपर्यंत मी रस्त्यावर होतो.

वहीच्या मागल्या पानावर हिशेब आहे.
एक चार्ज: अर्धं युनिट, तीन रुपये धरा.
देवळी जाणं-येणं: तेवढ्यातच.
पंचफुला खांद्यावरून वाचते:
"अन् भाकरीचा खर्च काऊन नाही लिहिला?
पायडल का हवेवर चालते?"

भाकरीची ज्वारी ठोक्यानं केलेल्या दीड एकरातली,
अंबाडी परसातली,
शेवगा शेजाऱ्याचा, पण फांदी आमच्याकडे.
साखर बंद झाली तेव्हापासून
महिन्याला एकशे ऐंशी वाचतात.
दुखण्यानं करून दिलेली ही एकच बचत,
बाकी ते खातंच.

मी सगळ्यातच काटकसर करतो असं नाही.
वामन, माझा साळा,
दोनशेची चप्पल वाचवत तुराट्यांतून अनवाणी फिरला.
त्यालाही साखर होती. टोचलेलं कळलंच नाही.
अंगठा सेवाग्रामला ठेवून आला.
तेव्हापासून आमच्या घरी चपलेला खर्च म्हणत नाहीत.

तर त्या दिवशी, मे महिना, दुपारचा दीड,
देवळीहून गोळ्या घेऊन निघालो.
दोन काड्या बाकी होत्या काट्यावर.
नाल्यापलीकडच्या चढाला एक गेली,
अर्ध्या चढात दुसरी.
मग नुसती सायकल उरली,
अंगावर सात किलोची बॅटरी बांधलेली,
आणि मी, छातीत कोणीतरी
धान्य पाखडत असल्यासारखा.
उतरलो. ढकलत ढकलत निंबापर्यंत नेली.

खाली बसून डब्याला हात लावला: तापलेला.
कपाळाला लावला: तेच.
रुमालातली भाकर काढली, जवसाची चटणी, कांदा.
रस्त्यावर कोणी नव्हतं,
एक टिप्पर गेला, त्याची धूळ बराच वेळ राहिली.
बाटलीतलं पाणी चहासारखं लागत होतं, बिनसाखरेच्या.

असा अर्धा तास गेला असेल.
उगाच बटण दाबलं.
एक काडी परत आलेली.

इर्शादला नंतर विचारलं.
म्हणाला, "ते खरं नसते काका.
थंडी झाली का दाखवते जराशी,
भार टाकला का पुन्हा पडते."
असेल.
पण मी भार टाकला नाही.
सपाटीला मोटर, चढाला पाय,
उताराला दोघंही गप्प,
आणि गावाचं हनुमान मंदिर दिसेपर्यंत
ती खोटी काडी टिकली.
सकाळी उठल्यावर माझ्याही अंगात
अशीच एक असते, नऊ वाजेपर्यंत.
तेवढ्यात मी पाणी भरतो, विळ्याला धार लावतो,
एखाद्याचा पंखा दुरुस्त करून देतो.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते.
पंचफुला काही बोलली नाही.
ओट्यावर बसवलं, चपला काढल्या,
आतून बॅटरी आणून
दोन्ही तळपाय नीट पाहिले, बोटांच्या सांदीसुद्धा.
मग ती विझवली,
आणि दुसरी चार्जिंगला लावली.